मोबाइलच्या आधीचा ‘सोशल मीडिया’ : शर्मिला रेगे, सोळा पानी पुस्तिका आणि आपली परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपल्याकडे इतकी वापरली गेली आहे की तिचा उगम शोधण्याच्या फंदात कोणी पडत नाही. मीही पडणार नाही. आजच्या धाग्यात मात्र जर्मनीतून परभणीला येणारी एक खरीखुरी वाट आहे. ती फ्रँकफुर्ट शहरातून निघते, न्यूयॉर्क आणि पुण्यावरून वळसा घेते आणि पूर्णा जंक्शनवरील रेल्वे वसाहतीतल्या एका पत्र्याच्या पेटीपाशी येऊन थांबते. पेटी माझ्या आजोबांची आहे.

विषय असा. समाजमाध्यमांमुळे समाज बदलतो का, हा प्रश्न हल्ली प्रत्येक चर्चासत्रात विचारला जातो आणि त्याचे एक ठरीव उत्तरही मिळते : ज्यांना वर्तमानपत्रांनी जागा दिली नाही, त्यांना मोबाइलने आवाज दिला. हे विधान अर्धेच खरे आहे. आवाज आधीपासून होता, तो पसरवण्याच्या वाटा होत्या, त्या वाटांचे नियम होते. हे ज्या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने आपल्याला नीट दाखवून दिले, त्या शर्मिला रेगे १३ जुलै २०१३ रोजी, पन्नाशीही गाठण्याआधी गेल्या. भ्रमणध्वनीवरचे इंटरनेट खेडोपाडी स्वस्त झाले ते त्यानंतर. म्हणजे आज आपण ज्याला समाजमाध्यम म्हणतो त्यावर त्यांचे संशोधन नाही. तरीही हा विषय समजून घ्यायला मला त्यांच्याइतके उपयोगी कोणी वाटत नाही. का, ते सांगतो.

आधी जर्मनी. फ्रँकफुर्टमध्ये १९२३ साली ‘सामाजिक संशोधन संस्था’ स्थापन झाली. हिटलर सत्तेवर आल्यावर तिच्यातील ज्यू आणि डाव्या विचारांच्या अभ्यासकांना देश सोडावा लागला. न्यूयॉर्कमधील आश्रयकाळात, १९३७ साली, संस्थेचे संचालक माक्स होर्कहायमर यांनी पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांतातील फरक मांडणारा निबंध लिहिला. ‘चिकित्सक सिद्धांत’ हे नाव तिथून रूढ झाले. मतितार्थ असा की, अभ्यासक समाजाच्या बाहेर उभा राहून त्याच्याकडे पाहतो हा भ्रम आहे. तोही त्याच समाजाचा भाग असतो, आणि म्हणून आपले ज्ञान कोणाच्या बाजूने उभे राहते हे त्याने स्वतःला विचारले पाहिजे. (महात्मा फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ चे. आपल्या वाचकांना यात फारसे नवे वाटणार नाही.)

योगायोग पाहा. त्याच १९३७ साली, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. १९८१ मध्ये जालना वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील मराठी माणसाने एकत्र बसून आपल्या प्रश्नांवर जाहीरपणे बोलणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ‘गश्ती क्रमांक ५३’ या कुप्रसिद्ध फर्मानाने सभा घेण्यापूर्वी सरकारी परवानगी सक्तीची केली होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू, उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, आणि मराठी वर्तमानपत्र काढायचे तर सरकारची मर्जी सांभाळायची.

म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ च्या फेब्रुवारीत ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले ते संस्थानाच्या हद्दीबाहेर, पुण्यातून. निजाम सरकारने त्याला प्रवेशबंदी केली. वाघमाऱ्यांनी नाव बदलले आणि अंक पुन्हा काढला. त्या नावावर बंदी आली की आणखी एक नाव. खाते बंद झाले की दुसऱ्या नावाने उघडायचे, हा खेळ आजच्या पिढीला आपला वाटतो. मराठवाड्याने तो छापील कागदावर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी खेळलेला आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या प्रकरणाला मानाचे पान आहे, आणि ते योग्यच आहे.

पण मला त्याच्या पुढचे पान जास्त महत्त्वाचे वाटते. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांना त्याची मोठी झळ बसली. घरे जळाली, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली. आणि ‘मराठवाडा’? वाघमाऱ्यांचे ते रोपटे एव्हाना औरंगाबादेत अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली या प्रदेशाचे प्रमुख दैनिक झाले होते. त्याने भूमिका घेतली ती नामांतराच्या विरोधात. जे पत्र एकेकाळी स्वतःचे नाव बदलून बदलून जिवंत राहिले, तेच आता एका नावाच्या बदलाला विरोध करत होते. भालेरावांच्या स्वातंत्र्यलढ्यातील त्यागाबद्दल मला शंका नाही. त्यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ माझ्या टेबलावर कायम असतो. प्रश्न व्यक्तीचा नाहीच. निजामाविरुद्ध जे ‘सार्वजनिक’ होते, ते सगळ्यांचे होते का, हा प्रश्न आहे.

इथे पुन्हा जर्मनी येते. फ्रँकफुर्ट परंपरेतील पुढच्या पिढीचे युर्गेन हाबरमास यांनी १९६२ साली ‘सार्वजनिक विश्वा’चा इतिहास लिहिला. अठराव्या शतकातील लंडनची कॉफीगृहे, पॅरिसमधील दिवाणखान्यांतील बैठकी आणि नवजात वर्तमानपत्रे यांतून राजसत्तेला प्रश्न विचारणारे, विवेकाने वाद घालणारे एक नवे क्षेत्र उभे राहिले, असे त्यांचे म्हणणे. १९९० मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी त्यांना आडवे प्रश्न विचारले. त्या कॉफीगृहात बायका होत्या का? मजूर होते का? ज्यांना दारातूनच परतवले, ते गप्प बसले होते का? फ्रेझर यांच्या मते ते आपापल्या जागी आपापली चर्चा करत होते. एकच सार्वजनिक विश्व नसते, त्याला छेद देणारी ‘प्रतिविश्वे’ही असतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर कागदावर नोंदलेले आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, हे पुढे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. मग १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’, १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. या पत्रांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, मी त्यात भर घालत नाही.

रेगे यांचे वेगळेपण असे की त्या बाबासाहेबांच्या पत्रांवर थांबल्या नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राच्या त्या प्रमुख होत्या. २००२ मध्ये त्यांनी लावणी आणि पोवाडा यांवर लिहिले. या कला कोणत्या जातींच्या श्रमावर उभ्या राहिल्या, त्यांचे मोल कोणी ठरवले, आणि सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेऊन त्यात नवा आशय कसा ओतला, याचा तो शोध होता. २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरील त्यांचे पुस्तक आले. त्यात शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार यांच्या लेखनाला ‘व्यथेच्या कहाण्या’ म्हणून बाजूला सारण्याऐवजी त्यांनी समाजाची साक्ष म्हणून वाचले. आणि २००८ मध्ये एक निबंध लिहिला, ज्याची मला सर्वांत जास्त गरज पडली.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपुरात लाखो माणसे येतात. त्यांच्याकडे ‘आंबेडकरांचा देव केला, विचार विसरले’ अशा नजरेने पाहण्याची शहरी सुशिक्षितांना जुनी खोड आहे. रेगे यांनी या नजरेलाच प्रश्न विचारला. गर्दीत खरोखर काय चालते हे पाहिले, तर तिथे दोन गोष्टी हातोहात फिरताना दिसतात : गाणी आणि पुस्तिका. गायन पार्ट्या रात्रभर गातात, कव्वालीचा सामना रंगतो, आणि त्या गाण्यांत इतिहास सांगितला जातो, विरोधकाला उत्तर दिले जाते, पुढाऱ्यांना फटकारलेही जाते. पुस्तिकांच्या गाळ्यांवर हिंदू कोड बिल, बौद्ध विधी, भीमा कोरेगाव, मंडल आयोग, रमाई, बुद्धाचे चरित्र, असे सर्व काही असते. हाबरमास यांना कॉफीगृहात जो वाद दिसला, तो रेगे यांना तिथे सतरंजीवर मांडलेला दिसला. भक्ती आणि चिकित्सा एकाच जागी राहू शकतात, हे मान्य न करणे ही अभ्यासकाची मर्यादा; त्या माणसांची नव्हे.

रेगे स्वतः सवर्ण होत्या आणि हे त्या लपवत नसत. १९९८ मधील एका गाजलेल्या लेखात त्यांनी दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली आणि अदलित स्त्रीवाद्यांनी स्वतःला त्या भूमिकेतून नव्याने घडवावे असे म्हटले. त्यावर वाद झाला. दुसऱ्याच्या जागी असे सहज उभे राहता येते का, असे दलित अभ्यासकांनी विचारले. तो प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

आता पेटी.

आजोबा रेल्वेत गँगमन होते, पूर्णेला. पूर्णा म्हणजे निजामाच्या काळात टाकलेल्या मीटरगेजवरचे जंक्शन. गोदावरीच्या खोऱ्यातून येणारी गाडी इथूनच एका फाट्याने हिंगोलीकडे वळते. रेल्वेची नोकरी म्हणजे मापाचा पगार, डोक्यावर छप्पर आणि पास. हा पास समाजशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नाही, पण माझ्या मते आंबेडकरी प्रतिविश्वाच्या इतिहासात त्याचे वेगळे प्रकरण व्हायला हवे. पास असलेला माणूस वर्षातून एकदा नागपूरला, एकदा दादरला जाई. तेव्हा मुंबईला जायचे तर मनमाडला उतरून मोठ्या गाडीत बसावे लागे. परतताना पिशवीत पुस्तिका असत. वस्तीत ज्यांना वाचता येई ते वाचत, ज्यांना येत नसे ते ऐकत. मग ती पुस्तिका कोणाच्या तरी सासुरवाडीला, तिथून पुढच्या गावाला. काही परत येत, काही येत नसत. आजोबांनी आत ज्याला दिली त्याचे नाव पेन्सिलने लिहून ठेवलेले आहे. एकावर सहा नावे आहेत, पाच खोडलेली.

पेटीत अशा एकशे सतरा पुस्तिका निघाल्या. बहुतेक सोळा किंवा बत्तीस पानी, मधोमध दोन पिना, वर्तमानपत्री कागद, मुखपृष्ठावर एका रंगातले चित्र. मागच्या पानावर किंमत आणि ‘आमची इतर प्रकाशने’. काही गाण्यांच्या आहेत. त्यांत वामनदादा कर्डकांचे नाव वारंवार येते. नाशिक जिल्ह्यातल्या या माणसाची गाणी आमच्या आजीला पाठ होती. तिला अक्षर येत नव्हते. त्यांतील काही गाणी पुस्तिकेत वेगळी आणि आजीच्या तोंडी वेगळी. फरक का पडला यावर मी वर्षभर विचार करतो आहे.

मागच्या वर्षी माझ्या प्रबंधाचा आराखडा मांडताना एका ज्येष्ठ अभ्यासकांनी विचारले, “यात प्राथमिक साधन कुठे आहे?” मी पुस्तिका दाखवल्या. ते म्हणाले, “हे प्रचारसाहित्य झाले.” मी गप्प बसलो. उत्तर सुचले ते परतीच्या बसमध्ये : मग ‘मराठवाडा’ साप्ताहिकाचे बंदी असलेले अंक काय होते? त्यांना आपण साधन म्हणतो, कारण ते ज्यांनी वाचले ते पुढे प्राध्यापक झाले, मंत्री झाले, आणि अंक ग्रंथालयात पोचले. आजोबांची पेटी ग्रंथालयात पोचली नाही. साधन आणि कचरा यांतला फरक पुष्कळदा एवढाच असतो.

पण इथे मला माझ्याच आवडत्या मांडणीला जरा आवर घालायचा आहे. ‘पुस्तिका म्हणजे जुने व्हॉट्सॲप’ असे म्हणायला सोपे आहे. शीर्षकात मीही तोच सोपेपणा केला आहे. फरक महत्त्वाचे आहेत. १८६७ च्या छापखान्यांविषयीच्या कायद्यामुळे प्रत्येक पुस्तिकेवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापावी लागत. इंग्रजांनी तो कायदा लक्ष ठेवण्यासाठी केला होता, पण त्याचा एक उलटा फायदा झाला : प्रत्येक शब्दामागे एक पत्ता होता. कोणी खोटे छापले तर पुढच्या वर्षी त्याच मैदानावर, त्याच्याच गाळ्यासमोर उभे राहून त्याला जाब विचारता येई. फॉरवर्ड होऊन आलेल्या मजकुराला पत्ता नसतो. हाबरमास यांनी २०२२ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, डिजिटल माध्यमांवर एक छोटे पुस्तक लिहिले. छपाईने प्रत्येकाला वाचक होण्याची शक्यता दिली, आता डिजिटलने प्रत्येकाला लेखक केले आहे. पण सगळ्यांना वाचायला शिकायला शतके लागली, लिहिण्याची जबाबदारी शिकायला किती लागतील, अशी त्यांची चिंता आहे. ती रास्त आहे, आणि युरोपपुरती आहे. पेन्सिलने सहा नावे लिहिणारा गँगमन ती जबाबदारी शिकलेला होता.

दुसरा फरक मालकीचा. पुस्तिका पेटीत राहते. पोस्ट कंपनीच्या यंत्रात राहते. कंपनीला वाटले तर ती दिसते, नाही वाटले तर दिसत नाही. होर्कहायमर आणि त्यांचे सहकारी आडोर्नो यांनी चाळीसच्या दशकात ‘संस्कृती-उद्योग’ अशी संकल्पना मांडली होती. रेडिओ-सिनेमाचे मोठे कारखाने श्रोत्याला केवळ गिऱ्हाईक करून टाकतात, असा तिचा आशय. मला ती मांडणी जरा जास्तच निराश वाटायची. हा धागा किती जणांपर्यंत पोचणार हे मला माहीत नसलेले एक गणित ठरवते, हे आठवले की ती तितकी निराश वाटत नाही.

१० डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी परभणी रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, हिंसाचार, अटकसत्र. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असलेले सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचे विद्यार्थी, यांचा मृत्यू झाला. त्या आठवड्यात मी शहरातच होतो. “हे सगळं मोबाइलमुळं झालं, नाहीतर कोणाला कळलं असतं?” असे मी किराणा दुकानात ऐकले, बसमध्ये ऐकले, एका शिक्षकांच्या तोंडूनही ऐकले. चित्रफिती फिरल्या हे खरेच. पण माणसे स्थानकासमोर का आली? ती जागा त्यांची का होती? एक ग्रंथ, तोही कायद्याचा, पुतळ्यापाशी काचेत ठेवावा आणि येता-जाता त्याला वंदन करावे, हे कोणत्या मोबाइलने शिकवले? त्यामागे सत्तर वर्षांची जयंती, गायन पार्टी, सोळा पानी पुस्तिका आहेत. हे न पाहणारा माणूस त्या डिसेंबरकडे नुसता जमाव म्हणून पाहतो. १९७८ मध्ये हेच झाले होते.

नामांतर, किंवा अधिकृत शब्द वापरायचा तर नामविस्तार, १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. सोळा वर्षे लागली. त्या सोळा वर्षांत मोर्च्यांची, सत्याग्रहांची बातमी गावोगावी कशी पोचत होती याचा इतिहास अजून लिहिला गेलेला नाही. तो माझ्या प्रबंधाचा विषय आहे, म्हणून हा एवढा पसारा.

डिजिटल साधन हे काम बिघडवतेच असे नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या दोन अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह हजारांहून अधिक गावांतून एक लाखांहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. दोघेही आज नाहीत. त्यांचा संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर येतो आहे. त्यात आपल्या जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्या आहेत, बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. जनाबाईच्या गंगाखेडपासून फार लांब नसलेल्या गावात दळता दळता गायलेली ओवी आज कोणीही, कुठेही ऐकू शकतो, आणि ती कोणाची हे विसरता येत नाही. पेन्सिलीच्या नावांचेच हे काम आहे, वेगळ्या यंत्रावर.

मी पेटीतल्या एकशे सतरांपैकी एकेचाळीस पुस्तिकांची छायाचित्रे काढून झाली आहेत. वाळवीने नऊ खाल्ल्या आहेत. तुमच्या घरी, वस्तीत, विहाराच्या कपाटात अशा पुस्तिका असतील तर टाकून देऊ नका. मुखपृष्ठ, मागचे पान आणि आत कोणी नाव लिहिले असेल तर ते पान, एवढ्या तीन छायाचित्रांवरही पुष्कळ काम होते. साल छापलेले नसेल तर किंमत पाहा; पंचवीस पैसे, आठ आणे, दोन रुपये यावरून दशकाचा अंदाज बांधता येतो. पुढच्या धाग्यात गाण्यांच्या पुस्तिका घेतो. आजीची तीन गाणी ध्वनिमुद्रित झाली आहेत. चौथे गाताना ती एका कडव्यावर अडली आणि म्हणाली, “हे पूर्णेच्या त्या बाईला माहीत होतं.” त्या बाई कोण, याचा शोध चालू आहे.